बिनउड्डाणाचा दिवस

तुम्ही खोटं बोललात, साहेब. चुकून नाही, गडबडीत नाही. पंख्याखाली बसून, चहात बिस्किट बुडवत, नवऱ्याचा दहावा उरकून आलेल्या बाईच्या तोंडावर बोललात. म्हणालात, "त्या दिवशी अंदाजात काहीही नव्हतं. ढग अचानक आला." चौकशीवाल्याने 'अचानक' हा शब्द लिहून घेतला आणि त्याखाली रेघ मारली. मला त्या खोलीत खुर्ची मिळाली नव्हती. मी दाराला टेकून उभा होतो, आणि तिथून मला तुमचा चेहरा चांगला दिसत होता.

तुमचं नाव मी लिहीत नाही. तुमच्या संस्थेचंही नाही. वाचणाऱ्याला त्याची गरज नाही आणि तुम्हाला तर नाहीच नाही.

मे महिना होता. येरंडगावच्या बंद सूतगिरणीमागे एक जुनी धावपट्टी आहे, तिच्यावर एरवी बाया शेवया आणि सांडगे वाळत घालायच्या. त्या वर्षी तिथे कुंपण पडलं, तंबू लागले, रडार आलं, विमान आलं. वळवाचा ढग कसा फुगतो, त्यात गार कशी धरते, हे शोधायची मोठी मोहीम. मोठ्या शहरांतले शास्त्रज्ञ होते, आणि तुम्ही त्यांचे प्रमुख. आसपासच्या टेकड्यांवर तुम्ही मास्ट, म्हणजे उंच लोखंडी खांब, उभे केले, वर वारा मोजायचं चक्र, खाली पाऊस मोजायचं भांडं, आणि एका पेटीत सगळं साठवणारं कार्ड.

मी आणि केरबा भिसे कंत्राटी. मी बारावी नापास, हिंगोलीत सायबर कॅफेवर बसून जेवढं कंप्युटर शिकता येतं तेवढं शिकलेला. रोज पहाटे मुख्य केंद्रातून अंदाजाची फाइल यायची. मोठ्या कंप्युटरवर हवेचं गणित मांडून काढलेले नकाशे असायचे त्यात: कुठे ढग, कुठे पाऊस, कुठे वारा, तासातासाचे. ती फाइल उतरवायची आणि अंदाज वाचणाऱ्या शाल्मली मॅडमच्या मशीनवर टाकायची, एवढं माझं काम. नकाशा उघडायचं सॉफ्टवेअर फक्त मॅडमकडे. केरबाचं काम टेकड्यांचं. बॅटरी बदलायची, भांड्यातला कचरा काढायचा, कार्ड आणायचं.

अठरा तारखेच्या सकाळी तो तंबूबाहेर मोटरसायकलची चेन पुसत होता.

"काय रे मुंजा," मला म्हणाला, "आज उडायलंय का तुमचं पाखरू?"

"आत ब्रीफिंग चालू हाय. मला काय ठाऊक?"

"तुला ठाऊक न्हाई? सगळा अंदाज तुझ्याच हातून जातो की."

"पोस्टमन पत्र वाचतो का, केरबा?"

"आमच्या गावचा वाचतो. वाचतो, आन् वर उत्तर काय लिहायचं ते बी सांगतो." तो हसला. त्याचं हसू आधी खांद्यात यायचं, मग तोंडावर. "तू लई नेक पोस्टमन हाईस लेका. म्हणून तुला कोण चहा बी इचारत न्हाई."

ब्रीफिंगला आम्हाला आत जायची परवानगी नव्हती. मॅडम नकाशे दाखवायच्या, तुम्ही ठरवायचात, वैमानिक मान हलवायचे. मग बाहेर फळ्यावर एक ओळ लिहिली जायची. त्या दिवशी लिहिलं: नो फ्लाइट.

तुमच्या छावणीत एक रीत होती. विमान उडणार नसेल त्या दिवशी जमिनीवरच्या यंत्रांची देखभाल. कारण विमान उडायचं त्या दिवशी मास्ट चालू पाहिजेत, त्यांना कुणी हात लावायचा नाही. आम्ही त्याला बिनउड्डाणाचा दिवस म्हणायचो. आणि त्याआधीचे सगळे बिनउड्डाणाचे दिवस कसे होते? कोरडे. आभाळ पांढरं, ढगाचा ठिपका नाही, म्हणून विमान जमिनीवर. त्यामुळे फळ्यावर 'नो फ्लाइट' दिसलं की आमच्या डोक्यात एकच अर्थ: आज काही होत नाही, टोपी घाला आणि पाण्याची बाटली घ्या. दुसऱ्या कारणानेही विमान थांबवतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं असं कुणाला वाटलंच नसेल.

"पाखरू रजेवर," केरबा म्हणाला, "म्हंजी आपून कामावर. टेंभूरटेकचा मास्ट बघून येतो. दुपारी जेवायला थांब."

तेवढ्यात विमानाकडची माणसं विमान ढकलत गिरणीच्या पत्र्याच्या शेडकडे न्यायला लागली. चाकांना दोर, पंखांना दोर. केरबाने किक मारता मारता ओरडून विचारलं, "अरे, आज नवरीला ऊन लागायलंय का?" कुणीतरी त्याला शिवी हासडली. तो गेला.

जेवायला मी थांबलो. तो आला नाही. फोन आला.

"मुंजा, टेकावर हाय. जीप जाती ती वाट खचली, चालत यावं लागलं, म्हणून टाइम झाला. ऐक, मावळतीकडून काळं उठलंय. लई जोरात उठायलंय गड्या, बघता बघता. तुझ्या मॅडमला इचार की, हे हिकडं येतंय का नदीकडं जातंय?"

"कार्ड काढलास का?"

"पेटीला कुलूप हाय, ते गंजलंय. तू आधी इचार."

मी फोन तसाच कानाला धरून पळत मॅडमच्या खोलीत गेलो. दार ढकललं. मॅडम पडद्यासमोर होत्या, तुम्ही त्यांच्या खुर्चीमागे उभे. पडद्यावर काय होतं ते मला आठवत नाही असं मी चौकशीत सांगितलं, कारण खरंच तसंच आहे. रंग होते. मला रंगांतलं काही कळत नव्हतं.

"सर, केरबा टेंभूरटेकवर आहे. ढग दिसतोय म्हणतो. विचारतोय, तिकडे येणार का?"

मॅडम म्हणाल्या, "टेंभूरटेक? आत्ता? सर, त्याला खाली—"

तुम्ही हात पुढे केलात. माझ्या हातातून फोन घेतलात.

"कोण, भिसे? कार्ड काढलं का? ... मग अजून करतोयस काय? उद्या उड्डाण आहे. मला तो डेटा आज संध्याकाळी पाहिजे म्हणजे पाहिजे. ... अरे ढग दिसला की लगेच पळायचं का? लांब आहे तो. कुलूप तोड, कार्ड काढ, आणि ये."

फोन माझ्या हातात दिलात. मॅडम अजून तुमच्याकडे बघत होत्या.

"पाच मिनिटांचं काम आहे, शाल्मली," तुम्ही म्हणालात. "हं, पुढे दाखव."

मी फोन कानाला लावला. केरबा म्हणाला, "ऐकलं मी. दगड शोधायलो." त्यात राग नव्हता. दगड शोधतोय, इतकंच होतं.

त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. छावणीवर वारा आला तेव्हा तंबूचे खुंटे निघाले, आणि शेडमध्ये बांधलेल्या विमानाला काही झालं नाही.

ड्रायव्हर आणि मी जीप घेऊन निघालो. गारांचा खच पडला होता, वाट पांढरी झाली होती. ती खचली होती तिथून पुढे चालत गेलो. केरबा मास्टच्या पायथ्याशी होता; वीज पडली होती. कसा होता ते मी लिहिणार नाही, त्याची मुलगी आता वाचण्याइतकी मोठी झाली आहे. एवढं सांगतो, पेटीचं कुलूप फुटलं होतं. शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून कार्ड ठेवलं होतं. ओलं होऊ नये म्हणून.

सरकारी दवाखान्याच्या आवारात तुमचा फोन आला. मला वाटलं विचाराल, कुठे नेलं, घरच्यांना कळवलं का. तुम्ही विचारलंत, "त्याच्याकडे कार्ड होतं का?"

मी म्हणालो, "होतं, सर."

"नीट सांभाळ. ओलं होऊ देऊ नकोस."

केरबाच्या बायकोला, द्वारकावहिनीला, घेऊन मी चौकशीला आलो. एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मधेच म्हणाली, "भावजी, गावात म्हणायलेत की पिऊन चढले होते."

"कोण म्हणायलंय?"

"नाव घेऊन काय करता? दुकानात म्हणायलेत, पाण्यावर म्हणायलेत. सासूबाई बी परवा मला इचारल्या, खरं सांग म्हणून. आईनंच इचारावं?" मग पिशवी मांडीवर ओढून घेतली. "मला साहेबांकडून काही नको. त्यांनी कागदावर लिवावं, ह्यांचं चुकलं न्हाई म्हणून. तेवढं लिवलं की झालं. पोरगी उद्या शाळंत जाईल, तिला बी बोलतील."

गिरणीच्या जुन्या ऑफिसात टेबल मांडलं होतं. मुख्य कार्यालयाचा अधिकारी मध्ये, उजवीकडे तुम्ही, डावीकडे शाल्मली मॅडम. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याला संध्याकाळची गाडी गाठायची होती.

"बाई, विचारावं लागतं म्हणून विचारतो," तो म्हणाला. "मद्यपानाची सवय?"

"इचारलं ते बरं केलं," वहिनी म्हणाली. "गावात कोणी इचारत न्हाई, नुसतं बोलतात. ते सुपारी बी खात नव्हते."

त्याने लिहिलं. मग नियमांचा कागद काढला. विजांचा कडकडाट असताना मास्टजवळ थांबू नये, असं त्यावर छापलेलं होतं. खाली केरबाची सही.

"म्हणजे नियम माहीत होता," तो म्हणाला.

मी दारातूनच बोललो. "साहेब, तो वर चढला तेव्हा ऊन होतं. ढग आल्यावर त्याने फोन करून विचारलं. त्याला सरांनी सांगितलं कार्ड काढल्याशिवाय येऊ नको."

"असं मी म्हणालो नाही," तुम्ही म्हणालात. "काम उरकून लवकर ये, असं म्हणालो."

"कुलूप तोड म्हणालात."

"मुंजाजी, तू फार दुःखात आहेस, मी समजू शकतो." तुम्ही अधिकाऱ्याकडे वळलात. "त्या दिवशी अंदाजात काहीही नव्हतं. उड्डाणालायक ढग नाहीत म्हणूनच फ्लाइट रद्द केली. ढग अचानक आला. निसर्ग आहे."

"मग विमान शेडमध्ये का घातलं?" मी विचारलं. "बाकीच्या रिकाम्या दिवशी ते उन्हातच उभं असायचं. त्याच दिवशी दोर का बांधले?"

अधिकाऱ्याने लिहिता लिहिता मान वर केली. मला वाटलं, झालं. सापडला.

तुम्ही हसलात. "विमान कधी कुठे ठेवायचं हे डेटा उतरवणाऱ्या मुलाला समजावून सांगायला जमलोय का आपण? उन्हाने टायर खराब होतात रे."

अधिकारीही हसला. मग त्याने, बहुतेक माझं समाधान व्हावं म्हणून, मॅडमना विचारलं, "त्या सकाळच्या नकाशात काय होतं, तुम्हीच सांगा ना."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "रेकॉर्ड बघून सांगता येईल."

"मग रेकॉर्ड आणा की!" अधिकारी म्हणाला.

मी आणलं. धावत जाऊन आणलं. जपून ठेवायच्या सगळ्या फाइली एका डिस्कवर असायच्या. मी ती टेबलावर ठेवली, लॅपटॉपला जोडली, सगळ्यांसमोर उघडली. सोळा तारीख. सतरा तारीख. एकोणीस.

अठरा नव्हती.

"नसणारच," तुम्ही सावकाश म्हणालात. "मोहिमेच्या पहिल्या दिवशीच ठरलंय, उड्डाणाच्या दिवसांचाच डेटा जपायचा. आपला अभ्यास विमानाच्या मोजणीचा आहे. बाकीच्या दिवसांची फाइल नवीन फाइल आली की मशीन स्वतःच पुसतं. डिस्कवर जागा किती असते?"

हे खरं होतं. नियम तसाच होता. केरबाला आम्ही दवाखान्यातून घरी नेत होतो तेव्हा माझ्या जागी कुणीतरी एकोणीसची फाइल उतरवली आणि मशीनने अठराची पुसली.

"मॅडम," मी म्हणालो, "फाइल नाही. पण तुम्ही नकाशा बघितलाय. तुम्हीच दाखवलाय. सांगा ना काय होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "डेटा नसताना मी आठवणीवर काही बोलणार नाही. ते शास्त्रीय होणार नाही."

शास्त्रीय! टेबलावर डिस्क होती, डिस्कशेजारी बिस्किटांची बशी होती आणि पलीकडे पदर दोन्ही हातांनी धरून बसलेली बाई होती.

अहवालात आलं: अचानक उद्भवलेल्या ढगाची पूर्वकल्पना कोणासही नव्हती. कर्मचाऱ्याने सुरक्षा नियमांकडे दुर्लक्ष केले. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

बाहेर आल्यावर वहिनीने विचारलं, "भावजी, त्या डबीत खरंच काही नव्हतं का?"

"न्हाई वहिनी. त्या दिवसाचं न्हाई."

ती स्टँडपर्यंत चालत आली, मग थांबली. "मग ह्यांचंच चुकलं असंल," म्हणाली. मी काहीतरी बोलायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण काय बोलायचं? माझ्याकडे काय होतं?

माझं कंत्राट पुढे झालं नाही, ते जाऊ द्या. त्या रंगांतलं मला काही कळत नव्हतं हे मात्र माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. मी शिकलो. कुणी शिकवलं नाही. दिवसा लोकांचे फॉर्म भरले आणि उरलेल्या वेळेत प्रोग्राम लिहायला शिकलो. हवेच्या गणिताची पुस्तकं डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली, एकेक पान, घाण शिव्या देत. तुम्ही मधल्या काळात पुरस्कार घेऊन निवृत्त झालात.

यंदा तुमच्या संस्थेने त्या मोहिमेचा सगळा साठा खुला केला. जगातल्या कुणीही घ्यावा, अभ्यास करावा. मी घेतला. आधी टेंभूरटेकची नोंद उघडली. पूर्ण आहे, साहेब. एकही तास सुटलेला नाही, अगदी अठराच्या दुपारपर्यंत. त्याखाली लिहिलंय, नोंद उत्तम दर्जाची. ती केरबाच्या खिशातून आलेली आहे, हे कुठे लिहिलेलं नाही.

मग अंदाजाचे नकाशे. सोळा, सतरा, एकोणीस. अठरापुढे: उड्डाण नाही, सबब साठवले नाही.

मी सतरा तारखेची फाइल उघडली. सहज. सतराला विमान उडालं होतं, म्हणून ती जपलेली. उघडली आणि तिचा आकार बघून थांबलो. एका दिवसाच्या मानाने ती फारच मोठी होती. कारण ती एका दिवसाची नव्हतीच. रोजच्या अंदाजात पुढचे तीन दिवस असतात! सतराच्या पहाटे काढलेल्या अंदाजात सतरा आहे, अठरा आहे, एकोणीसही आहे. तुम्ही अठराची फाइल ठेवली नाही, पण अठरा तारीख सतराच्या पोटात बसलेली आहे.

वेळा ग्रीनविचच्या होत्या, त्यांत साडेपाच तास मिळवले. अठराच्या दुपारचा नकाशा काढला. आता मला रंग कळतात. टेंभूरटेकवर जांभळा होता, म्हणजे सगळ्यात जोराचा ढग. आमच्या सगळ्या भागात त्याहून गडद जागा दुसरी नव्हती.

एक नकाशा बघून माझ्या लक्षात आलं की सतराच्या फाइलीत अठराही असते हे त्या ऑफिसात दोन माणसांना पक्कं माहीत होतं. मला नव्हतं, अधिकाऱ्याला नव्हतं, वहिनीला तर कुठून असणार. तुम्हाला आणि मॅडमना होतं. मी डिस्क उघडली, सतरा तारीख पडद्यावर दिसत होती, वीतभर अंतरावर. तुमच्यापैकी एकाने बोट लावायचं होतं. 'ही उघड' म्हणायचं होतं. तुम्ही जागा किती असते ते सांगत बसलात.

मी लॅपटॉप घेऊन केरबाच्या गावी गेलो. वहिनीने हात पुसून पडद्याकडे बघितलं.

"ह्यात टेक कुठं हाय?"

मी दाखवलं.

"आन् हे कवाचं?"

"अठराच्या दुपारचं. पण काढलेलं आदल्या दिवशी पहाटे."

"म्हंजी हे चढायच्या आधी एक अख्खा दिवस?"

"हां."

तिने पडद्याला बोट लावलं, त्या जांभळ्यावर, आणि काढलं नाही. आतून तिची मुलगी आली, आईच्या खांद्यावरून बघायला लागली. "हे काय आहे?" तिने विचारलं. आई म्हणाली, "थांब. आधी त्या साहेबांना इचारू दे."

म्हणून विचारतोय. तुम्ही म्हणाल, अठराच्या सकाळच्या नव्या नकाशात ते ढग गेले होते. असेल. मग तसं लिहून द्या, सहीनिशी, आणि तरी विमानाला दोर का बांधले तेही लिहा. टायरचं कारण पुन्हा सांगू नका. तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांनी आठवत नाही. तर सतराची फाइल तुमच्याच संस्थेच्या साठ्यात आहे, कुणालाही मिळते, तुम्हालाही मिळेल. उघडा. अठराच्या दुपारवर या. तो नकाशा समोर ठेवा, आणि द्वारका केरबा भिसे यांच्या पत्त्यावर एका शब्दात कळवा.

माझ्या हातातून फोन घेतलात तेव्हा तुम्ही हे बघितलेलं होतं. हो, की नाही?